उजव्या खुर्चीतले गुरुजी

१४ जानेवारी, धार. आज विमान धुतलं. संक्रांतीला आमच्या क्लबात कोणी उडत नाही. सकाळपासून गावातल्या गच्च्या पतंगवाल्यांनी भरलेल्या असतात आणि तुटलेला मांजा वाऱ्यावर कुठवर येईल ते सांगता येत नाही. म्हणून हा दिवस धुण्याचा. बादल्या, साबण आणि मालतीकाकूंनी देवासहून पाठवलेली जुनी धोतरं. विमानाची काच पुसायला धोतरासारखं कापड नाही, ओरखडा येत नाही.

धोतरं मोघे गुरुजींची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची. गुरुजींना जाऊन वर्ष होत आलं, धोतरं अजून संपलेली नाहीत.

मी विमानाच्या पोटाखालचं तेल काढत होते. शेजारी डही गावचा दंतवैद्य चाक घासत होता. तो नवीन आहे, पावसाळ्यानंतर शिकायला लागला. घासता घासता म्हणाला, “मैडम, सुना है ये पुराने गुरुजी को सबा मैडम ने सीट से उतार दिया था. उमर हो गई थी, हाथ नहीं चलते थे.”

सबा दुसऱ्या पंखाखाली होती. तिनं ऐकलं, धोतर पिळलं आणि पुन्हा कामाला लागली. ती आता आमची मुख्य शिक्षिका आहे. असल्या गोष्टींना उत्तर देत बसायची तिला सवय नाही.

“आधी चाक धुवा,” मी दंतवैद्याला म्हटलं.

पण घरी येऊन हे लिहायला बसले. विमानात शिकणारा डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. गुरुजी त्या उजव्या खुर्चीतून उतरले, हे खरं. सबामुळे उतरले, हेही एका अर्थी खरं. पण क्लबात आता ही गोष्ट ज्या रूपात फिरते आहे, त्यात एक थकलेला म्हातारा आणि एक निर्दय पोरगी एवढंच उरलंय. तसं काही नव्हतं.

गुरुजी देवासचे. त्यांच्या घराण्याकडे दरबाराच्या काळापासून एका राममंदिराची पूजा. तरुणपणी घरातून भांडून विमान शिकले, बाहेरच्या राज्यांत बरीच वर्षं शिकवलं, आणि वडील थकल्यावर देवासला परतले ते दोन्ही कामं घेऊन. सकाळी देवाची पूजा आटपायची, धोतर सोडून पँट चढवायची आणि स्कूटरवरून धावपट्टी गाठायची. कपाळावरचं गंध तसंच असे. कानांवरच्या हेडफोनची पट्टी बरोबर शेंडीच्या पुढे बसे. अंगाला कापूर आणि विमानाचं पेट्रोल असा मिश्र वास. क्लबाची दोन ठिकाणं होती, धार आणि देवास, आणि विमानं या दोन्हींत फिरत असत. त्यामुळे गुरुजीही.

त्यांची मराठी त्यांच्या आजीकडून आलेली होती. “इंजिनास काय धाड भरली आहे?” असं ते विचारत, आणि त्याच दमात मिस्त्रीला म्हणत, “काय भिया, प्लग साफ किया के नी?” माझा पीथमपूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. चाळिशी उलटल्यावर मी विमान शिकायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, धंदा विचारला, आणि त्यातलं नाव विसरून गेले. शेवटपर्यंत मी ‘खोकेवाल्या बाई’ होते.

उड्डाणाआधी ते एकच प्रश्न विचारत. “आज काय नाही?”

पहिल्या दिवशी मला तो कळलाच नाही. मी म्हटलं, सगळं आहे.

“सगळं कोणाकडे असतं हो? देवाच्या पूजेस सोळा उपचार लागतात. कोणत्या घरी सोळाच्या सोळा असतात? वस्त्र नसतं, दागिना तर नसतोच. मग आम्ही काय करतो? वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि. वस्त्राच्या जागी चार अक्षता वाहायच्या आणि पुढच्या उपचारास लागायचं. पूजा थांबत नाही.”

मग त्यांनी मला एका यजमानाची गोष्ट सांगितली. ती ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत, त्यामुळे आमच्या क्लबात ती सगळ्यांना पाठ आहे. देवासच्या एका घरी सत्यनारायण चालू होता. वाऱ्यानं समईतली एक वात विझली. गुरुजी म्हणाले, राहू द्या. पण यजमानांना राहवेना. ते काडेपेटी आणायला पाटावरून उठले. उठताना सोवळ्याचा सोगा कलशात अडकला. कलश वाचवायला त्यांची बायको उठली, तिच्या शालूत केळीचा खांब आला. “एका वातीपायी अख्खा चौरंग आडवा,” गुरुजी सांगत, “आणि वात शेवटी मीच बसल्या जागेवरून शेजारच्या वातीनं लावली.”

विमानाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. यंत्रातला बिघाड बहुतेक वेळा एका वातीएवढा असतो. माणूस पाटावरून उठतो, तिथून पुढचं सगळं घडतं. खाली बसून ऐकताना हे सोपं वाटतं. वर गेल्यावर छातीत धडधड सुरू झाली की डोळ्यांना तेवढी एक वातच दिसते. बाकीचं विमान दिसेनासं होतं, आणि कानही बंद होतात. गुरुजी म्हणत, घाबरलेल्या माणसाशी बोलू नका, आधी त्याला ऐकू येतंय का ते बघा.

त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. विद्यार्थी कोणत्या भाषेत बोलतो याकडे त्यांचं लक्ष असे. सगळं ठीक असताना आमची पोरं रेडिओवर इंग्रजी झाडत. थोडा ताण आला की हिंदी. आणखी आला की ज्याची त्याची घरची, मराठी नाहीतर माळवी. “त्याच्याही खाली एक भाषा आहे,” ते म्हणत, “गप्प बसणं. तिथपर्यंत पोर पोचलं की विमान मी घेतो.”

सतवासचे राठौर भिया बियाण्यांचे व्यापारी, तेव्हा क्लबात शिकत होते. गडी दांडगा, आवाज त्याहून दांडगा. एकदा देवासहून उड्डाण करून पीपलरावां गावाच्या बाजूला सरावाला निघाले होते. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. वर चढताच भियांच्या बाजूचं दार फटकन बोटभर उघडलं. या विमानांत असं कधीमधी होतं. दार वाऱ्याच्या दाबानं तेवढंच राहतं, पुरतं उघडत नाही, विमान मजेत उडतं. पण आवाज भयंकर येतो. भियांनी दोन्ही हातांनी दार धरलं. दोन्ही हातांनी! विमान वळवायचं हातातलं चाक मोकळं.

“गुरुजी, दरवाजो खुली ग्यो! दरवाजो!”

गुरुजींनी आपल्या बाजूचं चाक दोन बोटांनी धरलं आणि विचारलं, “भिया, सतवास मंडी में सोयाबीन की आवक कैसी है?”

“अरे दरवाजो, गुरुजी!”

“वो दिख रहा है मेरे को. आवक पूछ रहा हूँ.”

“आवक... आवक तो ठीक है.”

“पिछले साल से जादा कि कम?”

भिया थांबले. विचार करावा लागला. “कम है. बारिश देर से आई नी.”

“अच्छा. अब ये बताओ, विमान किधर जा रहा है?”

भियांनी समोर बघितलं. विमान डावीकडे कललं होतं आणि वळता वळता खाली चाललं होतं. गुरुजींनी ते मुद्दाम तसं जाऊ दिलं होतं. भियांनी दार सोडलं, चाक धरलं, विमान सरळ केलं. पूर्ण फेरी मारून, दार तसंच फडफडत ठेवून, स्वतः उतरवलं. उतरल्यावर म्हणाले, “गुरुजी, मैं तो मर गया था.”

“मरे-वरे कुछ नहीं. बस में खिड़की खुल जाए तो ड्रायवर खिड़की पकड़ता है क्या?”

आणि मग त्यांना दार उघडं ठेवून धावपट्टीवर विमान चालवत बसवलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे, तो आवाज कानांना सवयीचा होईपर्यंत. मी सावलीत बसून माझी फोनची कामं उरकली.

माझ्यावर आलेला प्रसंग त्या मानानं शांत होता. पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात वारा शिरतो, त्यावर वेगाचा काटा चालतो. ऑक्टोबरात विमान देवासला दोन दिवस बाहेर उभं होतं आणि कुंभारमाशीनं त्या नळीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, मातीचं घर केलं. जमीन सोडल्यावर माझ्या लक्षात आलं की वेगाचा काटा शून्याच्या आसपास लोळतो आहे. मी त्यावर टिचकी मारली. मग नाक खाली घालायला लागले, कारण काटा म्हणत होता की वेग नाही.

गुरुजींनी खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली, तिचा कागद उलगडला, अंगारा कपाळाला लावला आणि कागद त्या काट्यावर खोचला.

“हा नाही. याच्या जागी काय वाहाल?”

“इंजिनाचे फेरे,” मी म्हटलं. “आणि नाक क्षितिजाच्या किती वर ते.”

“मग वाहा.”

इंजिनाचा जोर आणि नाकाची उंची नेहमीची ठेवली की वेग नेहमीचाच असणार, काटा काहीही म्हणो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण सांगण्यासारखी गोष्ट ही की कागद लावल्यावरही माझी नजर दर थोड्या वेळानं त्या कागदाकडे जात होती. गुरुजी बघत होते. म्हणाले, “जाऊ दे. ती जाणारच. हात नाही ना गेला?”

हात हा त्यांचा खास विषय. सबा त्यावरूनच अडकली होती.

सबा धारची. वडिलांचं टायरचं दुकान. अशी हुशार विद्यार्थिनी क्लबानं आधी पाहिली नव्हती. मराठी तिला सगळी समजते, बोलते हिंदी. एकटीनं उडायची वेळ आली, त्याच्या आधीच्या उड्डाणात गुरुजींनी तिच्या नकळत एक बटण बंद केलं. सबानं डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन बटणं फिरवली. त्यांतलं एक बरोबर होतं. बिघाड गेला. ती हसत खाली उतरली आणि गुरुजींनी परवानगी नाकारली.

“क्यों?” ती जवळजवळ किंचाळली. “ठीक तो किया मैंने!”

“तुझे हात तुझ्या आधी पोचतात. आज नशिबानं बरोबर घरी पोचले.”

“राठौर भिया ने दरवाज़ा पकड़ लिया था, उनको तो पंद्रह दिन में छोड़ दिया आपने!”

“भिया घाबरतो ते दिसतं. तू घाबरतेस ते चलाखीसारखं दिसतं. तुझी काळजी जास्त.”

पुढचा महिनाभर सबा दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसे, विमान गुरुजी धरत. बिघाड झाला की आधी काय दिसतंय ते तोंडानं सांगायचं, मगच हात काढायचा. ती इतकी चिडली होती की धारच्या अर्ध्या बाजाराला गुरुजींचं नाव माहीत झालं. पण आली रोज.

त्याच महिन्यात गुरुजींनी क्लबाच्या फळ्यावर खडूनं नियम लिहिला. बंद पडलेल्या वस्तूवर एकदा प्रयत्न करा. दुसऱ्यांदा करून बघायला हरकत नाही. तिसऱ्यांदा तोच हात तिथेच गेला, तर त्या माणसानं खाली उतरायचं आणि दुसऱ्या शिक्षकानं परीक्षा घेतल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही. खाली ‘माझ्यासकट’ असं लिहिलं होतं. आम्ही ते वाचून हसलो. गुरुजींचा हात तिसऱ्यांदा कुठे जाईल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

नियम लिहिला तेव्हा क्लबात दुसरा शिक्षक होता, तो पुढे नोकरी धरून गेला. काही वर्षांनी सबाच शिक्षिका होऊन परत आली. म्हणजे तो नियम कधी गुरुजींना लागू झाला असता, तर परीक्षा घेणारी ती एकटीच होती.

रामनवमीच्या आदल्या दिवशी गुरुजी धारला शिकवायला आले होते. रामनवमीच्या सकाळी विमान देवासला न्यायचं होतं, मी सोबतीला. पेट्रोल उशिरा आलं. मग निघताना चाकाचा ब्रेक तपासावा लागला. दुपारी बाराला देवळात रामजन्म. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात असायची, त्यांच्या वडिलांच्या हातात असायची. गुरुजी एकदाही उशिराबद्दल बोलले नाहीत. पण मी पाहिलं, त्या दिवशी त्यांनी “आज काय नाही?” विचारलं नाही.

विमान ते चालवत होते, डावीकडून. मी उजवीकडे. घाटाबिल्लोदच्या पुढे गेल्यावर विजेचा बिघाड सांगणारा लाल दिवा लागला आणि रेडिओ खरखर करून मेला. इंजिनाचं त्यावाचून अडत नाही, त्याची ठिणगी वेगळी असते. पण समोर इंदूरच्या विमानतळाची हद्द होती. तिथे रेडिओशिवाय शिरायचं नाही. मोठी विमानं येत-जात असतात, आपण कोण, कुठे, हे त्यांना कळायला हवं. करायचं ते साधं होतं. मागे वळायचं आणि धारला उतरायचं.

गुरुजींनी रेडिओचं बटण बंद करून चालू केलं. बरोबर आहे, एकदा करावंच. मग हेडफोनची पिन काढून घातली. मग पुन्हा बटण. मग फ्यूज दाबला, पुन्हा बटण, पुन्हा पिन. मी म्हटलं, “गुरुजी, वळू या.” ते म्हणाले, “हो हो, थांबा.” आणि बटण. विमानाचं नाक हळूहळू खाली चाललं होतं, आणि समोर हद्दीच्या खुणेचा तलाव मोठा होत होता. मी पुन्हा हाक मारली. या वेळी त्यांनी उत्तरच दिलं नाही.

“विमान माझ्याकडे,” मी म्हटलं.

यावर दुसऱ्यानं “तुमच्याकडे” म्हणायचं असतं. त्यांनी पुन्हा बटण फिरवलं. मी विमान घेतलं, वळवलं, उंची सावरली. वळण पूर्ण होऊन तलाव मागे गेला तरी त्यांचा हात बटणावरच होता. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, “तुमच्याकडे.”

धारला आम्ही नीट उतरलो. वीज नसल्यामुळे पंखांच्या झडपा उघडल्या नाहीत, त्यामुळे जरा वेगानं आणि लांब उतरावं लागलं, एवढंच. तोवर बारा वाजून गेले होते. गुरुजींनी काकूंना फोन लावला. मी शेजारीच उभी होते, काकूंचा आवाज मलाही ऐकू आला.

“जन्म झाला का?”

“झाला की. राम काय तुमच्यासाठी थांबतो होय? वन्संच्या सुधाकरानं दोरी ओढली. सुंठवडा ठेवलाय, सावकाश या.”

मी त्यांना गाडीतून देवासला सोडायला निघाले. बेटमा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “तिसऱ्यांदा झालं ना?”

“त्याच्या पुढेही.”

“मी पाटावरून उठलो, बाई.”

मी म्हटलं की विमानात आपण दोघंच होतो, आणि विमान सुखरूप खाली आलं. मी काही बोलणार नाही. मला खरोखर वाटत होतं की या माणसानं एका सकाळपायी घरी बसणं म्हणजे क्लबाचं नुकसान आहे. देवळातली दोरी आज ना उद्या भाच्याकडे जाणारच होती. ती खुर्ची गेली तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“दोघं पुष्कळ झाले,” गुरुजी म्हणाले. “फळ्यावर कोणी लिहिलंय? मीच ना? मग सबाला फोन लावा.”

सबा आधी नाहीच म्हणाली. “मैं आपकी परीक्षा लूँ? लोग क्या बोलेंगे?”

“म्हणतील सबानं म्हाताऱ्याला उतरवलं. म्हणू देत. तू घेणार नसशील तर मी घरी बसतो.”

तिनं घेतली. एका निवांत सकाळी वर नेऊन पाच-सहा प्रकारचे बिघाड घातले. गुरुजींनी सगळे असे निस्तरले की बघत राहावं. खाली उतरल्यावर ते सहीसाठी थांबले. सबा म्हणाली, “ये परीक्षा नहीं हुई, गुरुजी. खराबी से आप डरते ही नहीं. आप देर होने से डरते हैं.”

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते दुसऱ्यांचं हेच बघत आले होते, कोण कशाला घाबरतो. त्यांचं कोणी बघितलं नव्हतं.

दुसरी परीक्षा सबानं त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याच्या सकाळी ठेवली. उड्डाण मुद्दाम लांबवत नेलं. मी खाली होते. गुरुजी रेशमी कुडत्यात, कपाळाला ताजं गंध, दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघत. वर गेल्यावर सबानं रेडिओचा फ्यूज काढून मुठीत ठेवला. ते उतरले. सबाचे डोळे लाल होते, पण आवाज साफ होता. “ना है, गुरुजी.”

“‘ना’च आहे,” गुरुजी म्हणाले. “तिसऱ्यांदा गेला. मला कळत होतं आणि तरी गेला.” मग मला म्हणाले, “चला खोकेवाल्या बाई, गाडी काढा, माझी भाची ताटकळली असेल.” साखरपुड्यात त्यांनी पेढे वाटता वाटता सगळ्या पाहुण्यांना सांगितलं की आज ते नापास झाले. व्याह्यांनी तरीही दुसरा पेढा घेतला.

पुढचे सहा-सात महिने मोघे गुरुजी आमच्या क्लबाचे विद्यार्थी होते. डावीकडे ते, उजवीकडे सबा. ते सरावाला मुद्दाम अडचणीच्या वेळी येत. घरी श्राद्धाचे ब्राह्मण यायचे असतील त्या सकाळी. गॅसवाला येणार असेल तेव्हा. काकू मला फोन करून विचारत, “अगो, हे असं काय करताहेत? पाहुणे बसवून विमानात कोण जातं?” सबा त्यांना सवलत देत नव्हती. राठौर भिया तर खुर्ची टाकून बघायला येत आणि ओरडत, “गुरुजी, सोयाबीन की आवक कैसी है?” गुरुजीही तेवढ्याच जोरात उत्तर देत, आणि ते छापण्यासारखं नसे.

दसऱ्यानंतर एकदा सबानं अचानक परीक्षा घेतली. एका यजमानाच्या घरी नवचंडीची पूजा मांडलेली, सगळे गुरुजींसाठी खोळंबलेले. तिनं फ्यूज काढला. गुरुजींनी बटण एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. मग विमान वळवलं आणि म्हणाले, “आज आपण पोचत नाही. यजमानास उशीर होईल. होऊ दे.” हे सबानं मला सांगितलं. सांगताना ती स्वतःही नकळत मराठी बोलली.

ते उजव्या खुर्चीत परत बसले आणि पुढे दोन हिवाळे शिकवलं. तो नियम फळ्यावर राहिला. म्हणून दंतवैद्यांनी हे वाचावं आणि पुन्हा चाक धुताना बोलण्याआधी सबाला विचारावं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, देवासच्या धावपट्टीवर. मी एका कारखान्यात नमुने द्यायला गेले होते, जाता जाता थांबले. एका नव्या मुलीला घेऊन ते निघत होते, इंजिन सुरू झालेलं. गुरुजींनी उजवीकडची छोटी खिडकी उघडली आणि हात बाहेर काढून माझ्या गाडीकडे दाखवत ओरडले, “खोकेवाल्या बाई, मागच्या चाकात हवा नाही!” मी वाकून पाहिलं. खरंच कमी होती. मान वर केली तोवर विमान पुढे सरकलं होतं. ते धावलं, उचललं गेलं आणि पीपलरावांच्या बाजूला वळलं. मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा भरून घेतली. त्या आठवड्यात एका पहाटे पूजेची तयारी करताना त्यांना झटका आला आणि ते गेले.

१५ जानेवारी. सकाळी लवकर क्लबात गेले. आज पीथमपूरला माझा सगळ्यात मोठा माल निघायचा आहे, दोन ट्रक दारात, आणि मुनीम सारखा फोन करतोय. सबा फळा पुसत होती, तो एक नियम सोडून. मी तिला म्हटलं, माझी परीक्षा बरेच दिवस झाली नाही, घे.

“आज?” ती म्हणाली. “आज तो आपका माल जाना है ना? कल ले लेते हैं.”

“उद्या मला काही घाई नाही,” मी म्हटलं आणि फोन बंद करून तिच्या हातात दिला.